रोज गुळवेल घेणाऱ्यांनी हे एकदा वाचा

गुळवेल हल्ली इतक्या घरांत आहे की तिला कोणी औषध म्हणतच नाही. बाल्कनीतल्या कुंडीत असते, कंपाउंडच्या भिंतीवर चढलेली असते, शेजारच्या काकूंनी हौसेनं एक कांडी दिलेली असते, आणि २०२० साली लॉकडाउनमध्ये तर सकाळच्या चहाआधी काढा हे अर्ध्या महाराष्ट्राचं रुटीनच होऊन बसलं. मी मेडिकलच्या काउंटरवर असते. समोरच्याला विचारलं की सध्या काय काय औषधं चालू आहेत, तर बीपीची सांगतात, शुगरची सांगतात, थायरॉईडची गोळी डोकं खाजवून आठवून सांगतात, पण गुळवेल काही केल्या सांगत नाहीत. खोदून विचारलं की मग येतं, "अहो ती काय, ती तर घरचीच आहे, दीड वर्ष झालं घेतोय." आता घरची आहे याला माझी काही हरकत नाही, माझं सगळं लक्ष जातं ते त्या दीड वर्षाकडे.

आधीच सांगते, मी गुळवेलीच्या विरोधात नाही. ताप, सांधेदुखी, त्वचेचे त्रास यांत वैद्य मंडळी ती पिढ्यान् पिढ्या वापरत आली आहेत, आणि चांगला वैद्य ती देताना तुमची प्रकृती बघतो, बाकी काय चालू आहे ते विचारतो, किती दिवस घ्यायची ते ठरवतो आणि मुदत संपली की बंद करायला लावतो. घोळ होतो तो यातला वैद्य काढून टाकला आणि नुसती वेल ठेवली की.

तर झालं काय होतं ते बघू. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे सहा पेशंट आले, कावीळ झालेली, गळून गेलेले, लिव्हरचे आकडे भलतेच वाढलेले, आणि नेहमीची कारणं म्हणजे हिपॅटायटीसचे व्हायरस, दारू, दुसरी औषधं वगैरे तपासून झाली तरी हाती काही लागेना. सगळ्यांमध्ये सारखं एकच निघालं, सगळे गुळवेल घेत होते. त्या सहापैकी एक पेशंट वाचला नाही. हे २०२१ मध्ये लिव्हरच्या एका मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं आणि मग बातम्या झाल्या. पुढच्या वर्षी देशातल्या १३ हॉस्पिटलांनी मिळून ४३ पेशंटची माहिती मांडली, त्यात घ्यायला सुरुवात केल्यापासून त्रास दिसेपर्यंतचा मधला काळ ४६ दिवसांचा होता, म्हणजे साधारण दीड महिना. हा दीड महिना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आयुष मंत्रालयाला हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की पेशंटनी नेमकी कुठली वनस्पती घेतली होती ते मुंबईच्या अभ्यासात तपासलेलं नाही, गुळवेलीसारखी दिसणारी तिचीच एक बहीण आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा, ती लिव्हरला त्रास देते आणि लोक गफलतीनं ती घेत असतील, आपली खरी गुळवेल तर उलट लिव्हरला चांगलीच आहे. यावरून डॉक्टर आणि वैद्य यांच्यात जी जुंपली ती अजून पूर्ण मिटलेली नाही. मला विचाराल तर मंत्रालयाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण ती क्रिस्पा आपल्याकडे जास्त करून ईशान्य भारतात आणि अंदमानात वाढते, मुंबई-पुण्याच्या कंपाउंडवर ती सर्रास चढलेली असेल असं मला तरी वाटत नाही, आणि समजा चुकीची वेल असली तरी त्यातून सामान्य माणसानं घ्यायचा धडा तोच ना, की ओळख पटल्याशिवाय तोंडात घालू नका. दुसऱ्या बाजूनं हेही खरंच आहे की त्या काळात घरोघरी लोकांनी गुळवेल घेतली आणि त्यातल्या बहुतेकांना काहीही झालं नाही. म्हणजे धोका सरसकट सगळ्यांना नाहीये. मग कोणाला आहे, ते समजायला लिव्हर आणि इम्युनिटी यांचं जरा बघावं लागेल.

औषधामुळे लिव्हर बिघडतं ते दोन प्रकारे. एक प्रकार डोसचा. पॅरासिटामॉलचं गणित सरळ आहे, ठराविक मर्यादेच्या फार वर गेलात तर लिव्हर कोणाचंही बिघडणार, मग तो पैलवान असो नाहीतर आजोबा. दुसरा प्रकार फसवा आहे, त्यात डोस अगदी नॉर्मल असतो, दहा जण तेच घेतात आणि नऊ जणांना काही होत नाही, दहाव्याच्या शरीराला मात्र ते मानवत नाही आणि तेही पहिल्या दिवशी कळत नाही, आठवडे जातात. गुळवेलीचा त्रास या दुसऱ्या प्रकारातला दिसतो. म्हणूनच "आमच्या अख्ख्या घरानं घेतली, कोणाला काही झालं नाही" हे वाक्य तुमच्या घराबद्दल खरं असलं तरी माझ्या घराबद्दल ते काहीच सांगत नाही.

आता तो दहावा माणूस कोण? इथं इम्युनिटी येते. गुळवेल इम्युनिटी वाढवते असं म्हणून आपण ती घेतो, आणि तिच्यातले काही घटक रोगप्रतिकारक पेशींना खरोखर चेतवतात असं प्रयोगशाळेत दिसलंय. पण इम्युनिटी म्हणजे नुसती वाढवत न्यायची गोष्ट नाही. सोसायटीच्या वॉचमनला तुम्ही सांगितलं की जरा कडक हो, तर चोर अडवले जातील हे ठीक, पण आधीच ज्याला डोळ्यांना कमी दिसतं आणि जो रहिवाशांनाच चोर समजून काठी उगारतो त्याला अजून कडक केलंत तर पहिला मार तुम्हालाच पडणार. ऑटोइम्यून आजार म्हणजे हाच वॉचमन, शरीराची फौज स्वतःच्याच अवयवावर चाल करून जाते. त्या पेशंटपैकी कित्येकांच्या लिव्हरच्या तपासणीत अगदी असंच चित्र दिसलं, ऑटोइम्यून हिपॅटायटीससारखं, आणि काही जणांना थायरॉईडसारखे आजार आधीपासूनच होते. डॉक्टरांचा अंदाज असा की मुळात सुप्त असलेला हा प्रकार गुळवेलीनं जागा केला.

आणि मेख इथंच आहे. आपल्याकडे थायरॉईड कमी असलेल्या बायकांची संख्या बघा, मेडिकलवर सकाळी रिकाम्या पोटी घ्यायच्या त्या गोळीच्या बाटल्या दिवसभर जात असतात, आणि यातल्या बऱ्याच जणींचा थायरॉईड हा मुळात ऑटोइम्यूनच असतो, फक्त त्यांना तसं कोणी सांगितलेलं नसतं. त्यांना वाटतं थायरॉईड म्हणजे वजन आणि केस गळणं. त्यांनी रोज उठून इम्युनिटीचा काढा पिणं हे मला तरी बरं वाटत नाही, निदान डॉक्टरला विचारून तरी घ्या. र्‍हुमॅटॉइडचा आमवात, ल्युपस, सोरायसिस, लहानपणापासूनची इन्सुलिनवाली शुगर, हे असलेल्यांनी तर स्वतःच्या मनानं हात लावू नये. किडनी किंवा लिव्हर बदललेल्या पेशंटनी अजिबातच नाही, त्यांना तर इम्युनिटी मुद्दाम दाबून ठेवायच्या गोळ्या चालू असतात आणि तुम्ही वरून उलट्या दिशेनं ढकलताय.

ज्यांचं लिव्हर आधीच नाजूक आहे त्यांचंही तसंच, म्हणजे जुना हिपॅटायटीस बी, दारूमुळे खराब झालेलं, सिरॉसिस म्हणजे कडक होऊन आक्रसलेलं लिव्हर. फॅटी लिव्हर तर हल्ली दर दुसऱ्या सोनोग्राफीत लिहून येतं आणि लोक नेमकं त्यावर उपाय म्हणूनच गुळवेलीचा रस सुरू करतात, लिव्हर साफ होतं म्हणून. लिव्हर साफ करायची गरज नसते हो, ते स्वतःच सफाईचं काम करतं, तुम्ही जे गिळता ते आतड्यातून आधी त्याच्याकडेच जातं आणि त्याला ते फोडून निस्तरावं लागतं. काढासुद्धा.

टीबीची एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स, चालू असेल तर विशेष सांभाळा. त्यातली तीन औषधं लिव्हरवर ताण आणणारी असतात, डॉक्टर त्यावर लक्ष ठेवून असतात, आणि मध्येच एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा) वाढलं तर त्यांना ठरवायचं असतं की कुठली गोळी थांबवायची. तुम्ही चोरून काढा घेत असाल तर त्यांचा सगळा हिशेब चुकतो आणि विनाकारण टीबीचंच औषध थांबतं. आमवात, सोरायसिस यांवरची मेथोट्रेक्सेटची गोळी घेणाऱ्यांचंही हेच.

शुगरवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. गुळवेल शुगर कमी करू शकते, लोक त्यासाठी घेतातही, पण सोबत ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल आणि जोडीला कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पावडर असं सगळं एकदम चालू असेल तर शुगर धाडकन खाली जाऊ शकते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, आणि घरच्यांना वाटतं अशक्तपणा आला. कोणत्या गोष्टीनं किती कमी झाली ते मग कोणालाच कळत नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर निदान दोन आठवडे आधी सगळे काढे-बिढे बंद आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगायचं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, यांच्यात ती सुरक्षित आहे असं ठामपणे म्हणावं इतकी माहितीच नाही, तेव्हा नकोच.

आता मुदतीचं. ऑक्टोबर २०२० मध्ये आयुष मंत्रालयाच्या कोविड प्रोटोकॉलमध्ये गुळवेल घनवटी (काढा आटवून केलेली गोळी) होती, ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि पुढे स्पष्ट लिहिलं होतं की १५ दिवस किंवा एक महिना. गुळवेलीच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या मंत्रालयानं सुद्धा मुदत घातली होती! व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता फिरता त्यातली घनवटी राहिली आणि महिना गळून पडला. लोकांनी सहा-सहा महिने घेतली, काहींची अजून चालू आहे. मघाचा ४६ दिवसांचा आकडा आठवा आणि या महिन्याशेजारी ठेवून बघा. अर्थात महिन्याच्या आत घेतली म्हणजे शंभर टक्के बिनघोर असं नाही, काहींना आधीही त्रास झालाय, पण स्वतःच्या मनानं कायमची सवय लावून घेऊ नका, वैद्यांनासुद्धा विचारा.

किती घ्यायची यातही गोंधळ आहे कारण ओली कांडी, चूर्ण, सत्त्व, घनवटी आणि बाटलीतला रस हे सगळं लोक एकच धरतात. आयुर्वेदाच्या सरकारी फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथात, चूर्ण ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम असं दिलंय. सत्त्व म्हणजे कांडी पाण्यात कुस्करून खाली बसलेली पांढरी पूड, त्यात मुख्यतः स्टार्च असतो. घनवटी म्हणजे काढा आटवून आटवून केलेली गोळी, एवढीशी दिसते पण आत माल भरपूर. त्यामुळे "काढ्याऐवजी दोन गोळ्या" हा हिशेब चमच्यानं करता येत नाही.

त्याहून मोठी गंमत म्हणजे एकच माणूस तीन नावांनी तीच वेल घेत असतो. सकाळी घरचा काढा, दुपारी इम्युनिटीचा ज्यूस, रात्री संशमनी वटी. ज्यूसच्या लेबलवर गिलोय लिहिलेलं असतं, वटीवर गुडूची, आणखी कशावर अमृता किंवा टिनोस्पोरा, आणि चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली तर कळतं की सगळं एकच. एकदा घरातल्या सगळ्या बाटल्या आणि डब्या टेबलावर मांडा आणि वाचून काढा, तुम्हालाच आश्चर्य वाटेल. लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि एक्स्पायरी नसलेली पुडी असेल तर ती सरळ कचऱ्यात. सांधेदुखीवर दोन दिवसांत जादूसारखा गुण देणारी सुटी गोळी असेल तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, तो वेगळाच विषय आहे.

घरची वेल वापरणाऱ्यांनी ओळख पक्की करून घ्या. गुळवेलीच्या जुन्या कांडीवर पातळ, कागदासारखी तपकिरी साल असते, नखानं ओढली की पापुद्रा निघतो आणि खाली हिरवं लागतं. वेलीवरून सुतळीसारखी लांब मुळं खाली लोंबत असतात. कांडी आडवी कापली तर मधून निघून कडेपर्यंत गेलेल्या रेषा दिसतात, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. पान हृदयाच्या आकाराचं आणि गुळगुळीत, चव कडू जहर, फळं पिकली की लाल आणि गोल. कांडीवर चामखिळींसारख्या गाठीच गाठी असतील, तोडल्यावर दुधासारखा चीक येत असेल, तर ती ही नव्हे. पानाला खालून मखमलीसारखी लव असेल तर ती गुळवेलीचीच आणखी एक बहीण, आपल्याकडच्या जंगलांत सापडते, तीही नको. हृदयाच्या आकाराच्या पानाच्या वेली आपल्याकडे ढीगभर आहेत, नुसतं पान बघून कापून आणणं म्हणजे जुगार आहे. जवळच्या आयुर्वेद कॉलेजात द्रव्यगुण म्हणजे औषधी वनस्पतींचा विषय शिकवणारे लोक असतात, कांडी नेऊन दाखवली तर सांगतात. आणि हायवेच्या कडेची किंवा नाल्याशेजारची तोडू नका, त्यावर काय काय साचलेलं असतं ते देवालाच माहीत.

एवढं सगळं बघून घेत असाल आणि तरी काही बिघडलं तर ते दिसतं कसं? सुरुवात फार साधी असते, भूक मरते, तेलाच्या वासानं मळमळतं, अंगात काही जोरच राहत नाही, उजव्या बाजूला बरगड्यांखाली जड वाटतं, अंगाला खाज सुटते. मग लघवी गडद होते, कोऱ्या चहासारखी, भरपूर पाणी पिऊनही तशीच. डोळे पिवळे दिसायला लागतात ते त्यानंतर, कारण कावीळ आणणारं बिलीरुबिन रक्तात नॉर्मलला साधारण एकच्या आसपास असतं आणि डोळ्यांना पिवळेपणा जाणवायला ते अडीच-तीनच्या वर जावं लागतं. तोवर आत बरंच काही झालेलं असू शकतं. एसजीपीटी नॉर्मलला साधारण चाळीसच्या आत असतं, अशा पेशंटमध्ये ते कित्येक शेकड्यांत जातं. म्हणून आरशात डोळे बघत बसू नका, लघवीचा रंग बदलला की लगेच एलएफटी म्हणजे लिव्हर फंक्शन टेस्ट करा, साधी रक्ताची टेस्ट आहे.

आणि आता सगळ्यात वाईट सापळा. कावीळ झाली की आपल्याकडे काय करतात? कुठल्या तरी गावी अमुक वारी औषध देतात तिथं नेतात, गळ्यात माळ घालतात, हात चुन्याच्या पाण्यात धुवून कावीळ उतरवतात, नाकात थेंब सोडतात, आणि प्यायला झाडपाल्याचा रस देतात, ज्यात बऱ्याचदा गुळवेलच असते!! गुळवेल काविळीवर देण्याची जुनी पद्धतच आहे. म्हणजे जिच्यामुळे झालं तीच पुन्हा वाटीभर. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटीस ए ची कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्याचं श्रेय माळेला जातं आणि त्या गावाचं नाव होतं, पण औषधामुळे झालेल्या काविळीत ते औषध थांबलं नाही तर कावीळ उतरणार कशी? तीच गोष्ट पावसाळ्यात डेंगीची. डेंगीत लिव्हरला मुळातच सूज असते, एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं असतं, आणि प्लेटलेट वाढाव्यात म्हणून नातेवाईक पपईच्या पानाचा आणि गुळवेलीचा रस पाजत असतात. दवाखान्यात ॲडमिट असलेल्या पेशंटला बाहेरून गुपचूप रस पाजू नका, पाजायचाच असेल तर निदान डॉक्टरला सांगून.

शंका आली की करायचं एवढंच, गुळवेल आणि बाकीचे सगळे काढे, चूर्णं, ज्यूस त्याच दिवशी बंद, हळूहळू कमी करायची काही भानगड नाही. डॉक्टरकडे जाताना बाटली, डबी, उरलेली कांडी पिशवीत घालून घेऊन जा आणि कधीपासून, किती, कशाबरोबर ते सांगा. डॉक्टर ओरडतील म्हणून लपवणारे पुष्कळ भेटतात, आणि मग बिचारा डॉक्टर व्हायरसच्या टेस्टवर टेस्ट करत बसतो, बिल तुमचंच वाढतं. एलएफटीबरोबर पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट) करायला सांगतील, त्यावरून लिव्हर काम किती करतंय ते कळतं. बंद केल्यावर बहुतेकांचे आकडे उतरतात पण लगेच नाही, काही आठवडे ते काही महिने जातात, कोणाला स्टेरॉइड लागतात, आणि मध्ये मध्ये रिपोर्ट करत राहावं लागतं. पेशंट गुंगीत जायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, पोट फुगलं, हिरड्यांतून किंवा उलटीतून रक्त आलं, तर रिपोर्टची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलात.

बरं झाल्यावर पुन्हा थोडीशी घेऊन बघू असं मात्र करायचं नाही, दुसऱ्या वेळी त्रास लवकर आणि जोरात येऊ शकतो. फाईलच्या पहिल्या पानावर पेनानं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, गुळवेल चालत नाही, आणि खाली तिची बाकीची नावंही लिहा म्हणजे पुढे कोणी संशमनी वटी लिहून दिली तर लक्षात येईल. झालेला त्रास सरकारला कळवता येतो, औषधांच्या दुष्परिणामांची टोल-फ्री हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४, त्यासाठी डॉक्टरच असायला पाहिजे असं नाही, पेशंट किंवा घरचे लोकही फोन करू शकतात. फोन करायच्या आधी बाटलीवरचं पूर्ण नाव आणि बॅच नंबर समोर ठेवा.